टेकडीवरून : बार्शीची उधारी



ज्यांच्या घरी सेकंडरी वनमधली मुलगी आहे, किंवा दोन-चार वर्षांपूर्वी होती, त्यांना तो कागद ओळखीचा असेल. शाळेकडून येतो. तुमच्या मुलीला एचपीव्हीची लस द्यायची का? हो की नाही, सही करा. २०१९ पासून सिंगापुरातल्या शाळांमध्ये या वर्गातल्या मुलींना ही लस शाळेतच आणि पैसे न घेता दिली जाते. बहुतेक घरांत सकाळच्या डब्यांच्या गडबडीत सही होते आणि कागद परत जातो. दुसरं आवतण असतं घरातल्या बाईमाणसाला. तिशी उलटली की दर पाच वर्षांनी एचपीव्हीची तपासणी करून घ्या, असं इथलं आरोग्य खातं सांगतं. आमच्या बुकित पंजांगच्या पॉलिक्लिनिकमध्ये वेळ ठरवायची, जाऊन यायचं, आणि येताना भाजी घेऊन घरी.

लस आणि तपासणी, दोन्ही एकाच रोगासाठी : गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे तो होतो. विषाणू शिरल्यापासून कॅन्सर होईपर्यंत सहसा दहा-पंधरा वर्षं जातात, म्हणजे पकडायला भरपूर अवधी मिळतो. वेळेत पकडला तर बाई वाचते. इतका सभ्य कॅन्सर दुसरा नसेल. आणि तरीही भारतात दरवर्षी सुमारे सव्वा लाख बायकांना तो होतो आणि सुमारे ऐंशी हजार बायका त्याने जातात.

आता इंजिनियरला न शोभणारा, पण इंजिनियरलाच पडणारा प्रश्न. ही तपासणी केल्याने बायका खरोखरच कमी मरतात, हे कुणी मोजलं? कुठे मोजलं? त्याचं उत्तर शोधत गेलं, तर वाट बॉस्टनला किंवा लंडनला जात नाही. ती जाते बार्शीला. होय, सोलापूर जिल्ह्यातली बार्शी. आमच्या पेशाच्या लोकांना बार्शी म्हटलं की १८९७ साली सुरू झालेली, अडीच फुटी रुळांवरची बार्शी लाइट रेल्वे आठवते. पण वैद्यकाच्या इतिहासात बार्शीचं नाव दुसऱ्याच कारणाने कोरलं गेलं आहे. त्या कारणाचा अभिमान वाटावा की खंत, यावर जगभरच्या तज्ज्ञांचं भांडण आहे. तेच आज सांगायचं आहे.

बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. १९८७ साली तिथे आजूबाजूच्या खेड्यांतल्या कॅन्सर रुग्णांची नोंदवही सुरू झाली. ग्रामीण भागातली, संपूर्ण लोकसंख्येची अशी नोंद ठेवणारी ती भारतातली पहिली. नोंदवही हा शब्द ऐकायला किरकोळ वाटतो. पण कुठल्या गावात कुणाला काय झालं, कुणी कशाने गेलं, हे वर्षानुवर्षं घरोघर जाऊन लिहिणं म्हणजे काय, हे खेड्यात राहिलेल्यालाच कळेल. त्या नोंदींतून दिसलं की गर्भाशयमुखाचा कॅन्सर हा तिथल्या बायकांचा मोठा वैरी आहे. बाई दवाखान्यात येते ती अंगावरून जाणं असह्य झाल्यावर. तोवर हातात काही उरत नाही.

अशी नोंद तयार असल्याने पुढची गोष्ट शक्य झाली. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था फ्रान्समधल्या लियों शहरात आहे. ती संस्था, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि बार्शीचं हॉस्पिटल यांनी मिळून १९९९ साली शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात (२०२३ पासून धाराशिव) एक प्रचंड चाचणी हाती घेतली. पैसे बिल आणि मेलिंडा गेट्स फाउंडेशनचे. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका. गावांचे ५२ समूह केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार गटांत वाटले. पहिल्या गटाला एचपीव्हीची तपासणी. दुसऱ्याला पॅप स्मिअर, म्हणजे पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. तिसऱ्याला सगळ्यात स्वस्त उपाय : गर्भाशयमुखाला पातळ अॅसेटिक आम्ल, म्हणजे आपलं व्हिनेगरच, लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. चौथा गट तुलनेचा. त्याला नेहमीची सेवा. तपासणी नाही.

सगळ्यांवर आठ वर्षं लक्ष ठेवलं. एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल छापून आला. तुलनेच्या गटात ३१,४८८ बायका होत्या. त्यांतल्या ६४ या कॅन्सरने गेल्या. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४,१२६ होत्या, गेल्या ३४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. युरोपातही एचपीव्हीवर मोठे अभ्यास झाले होते. पण मृत्यू कमी होतात हे थेट मोजून दाखवणारी ही पहिली चाचणी. आज जगात देशामागून देश पॅपकडून एचपीव्हीकडे वळत आहेत. त्यांच्या हातातल्या पुराव्यांच्या गठ्ठ्यात धाराशिवचा कागद असतोच. इथल्या पॉलिक्लिनिकमध्ये आपल्या घरातली बाई ज्या भरवशावर जाते, त्या भरवशात तुळजाभवानीच्या जिल्ह्यातल्या बायकांचा वाटा आहे.

आता दुसरी बाजू.

आमच्या कामात गंजरोधक लेप तपासायचा असला की लोखंडाच्या दोन पट्ट्या घेतात. एकीला लेप द्यायचा, दुसरी कोरी ठेवायची. दोन्हींवर खाऱ्या पाण्याचा फवारा सोडायचा आणि वाट बघायची. कोरी पट्टी गंजलीच पाहिजे. ती गंजली नाही तर लेपाची किंमत कळणार कशी? पट्टीला त्याचं काही वाटत नाही, म्हणून आम्हाला झोप लागते.

उस्मानाबादच्या चाचणीत कोरी पट्टी म्हणजे ३१,४८८ बायका होत्या. साधं त्रैराशिक मांडून बघा. तुलनेच्या गटातही एचपीव्ही गटाच्याच प्रमाणात मृत्यू झाले असते, तर ते सुमारे ३१ झाले असते. प्रत्यक्षात झाले ६४. मधल्या तेहेतीस बायका त्रैराशिकातल्या आहेत, त्यांची नावं कुणीच सांगू शकत नाही. पण त्या होत्या. कुणाची आई, कुणाची जाऊ, कुणाची सासू.

अशीच चाचणी तामिळनाडूत दिंडिगल जिल्ह्यात झाली आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही झाली. मुंबईची टाटा मेमोरियलची, अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेच्या पैशावर. तुलनेच्या गटात मुंबईत ७६,१७८ बायका होत्या. तीन ठिकाणचे तुलनेचे गट मिळवले तर १ लाख ३८ हजारांहून अधिक बायका आणि या कॅन्सरने झालेले २५४ मृत्यू. एरिक सूबा या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने हा आकडा घेऊन वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला. त्याचं म्हणणं असं : पॅप तपासणी १९४०च्या दशकापासून ठाऊक आहे. ती नीट राबवली तिथे मृत्यू उतरले आहेत. मग काहीच न करता बायकांना नुसतं मोजत बसायचं प्रयोजन काय? अशी चाचणी अमेरिकेत करायला कुणी परवानगी दिली असती का? त्याचा लेख २०१४ साली मुंबईहून निघणाऱ्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये आला, आणि संशोधकांची उत्तरंही तिथेच आली. घरचं भांडण घरातल्या ओसरीवर झालं, हे एका परीने बरंच.

आता संशोधकांची बाजूही तितक्याच शांतपणे ऐकू या. ते म्हणतात, अहो, उस्मानाबादच्या खेड्यात आम्ही गेलो नसतो तर त्या बायकांना कुठली तपासणी मिळणार होती? कुठलीच नाही. आम्ही कुणाच्या ताटातलं काढून घेतलं नाही. आणि पॅप उपयोगी आहे हे ‘ठाऊक’ होतं ते श्रीमंत देशांत, जिथे प्रयोगशाळा आहेत, दर तीन वर्षांनी बोलावणं जातं आणि बाई येते. खेड्यात एकदाच केलेली पॅप चालते का? कुणालाच माहीत नव्हतं. या म्हणण्याला त्यांच्याच निकालाचा आधार आहे. पॅपच्या गटात ३२,०५८ पैकी ५४ मृत्यू, व्हिनेगरच्या गटात ३४,०७४ पैकी ५६. तुलनेच्या गटापेक्षा थोडे कमी, पण तो फरक योगायोगानेही पडू शकतो, असं संख्याशास्त्र सांगतं. म्हणजे जी तपासणी ‘सिद्ध’ समजून सगळीकडे वाटली असती, ती तिथे एका फेरीत फारशी चाललीच नसती. उलट मुंबईत, दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना चार आठवडे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी व्हिनेगरची तपासणी केली, चार फेऱ्या केल्या, तर मृत्यू ९८ वरून ६७ वर आले. एकतीस टक्के कमी. जे कागदावर सारखं दिसत होतं ते जमिनीवर वेगळं निघालं. मोजलं नसतं तर हे कळलं नसतं.

दोन्ही बाजू ऐकल्यावर आम्हाला एकच शब्द टोचत राहतो : ‘तिथली नेहमीची सेवा’. संशोधनाच्या भाषेत तुलनेच्या गटाला ‘तिथली नेहमीची सेवा’ दिली की कागदोपत्री भागतं. बॉस्टनमध्ये नेहमीची सेवा म्हणजे दर काही वर्षांनी तपासणी. परांड्याला नेहमीची सेवा म्हणजे शून्य. एचआयव्हीच्या बाबतीत हेच झालं. गरोदर आईकडून बाळाला होणारी लागण एझेडटी या औषधाने दोन तृतीयांश कमी होते, हे १९९४ साली अमेरिका आणि फ्रान्समधल्या चाचणीत सिद्ध झालं. तरीही आफ्रिकेत आणि आशियात काही आयांना औषधाऐवजी नुसत्या साखरेच्या गोळ्या देऊन चाचण्या चालल्या. कारण? तिथे नेहमी काहीच मिळत नाही. १९९७ साली पीटर लुरी आणि सिडनी वुल्फ यांनी त्यावर लिहिलं आणि गदारोळ उडाला.

आमचं म्हणणं एवढंच की ‘इथे काहीच नाही’ हे वाक्य वर्णन म्हणून खरं असेल, पण त्याला परवाना समजू नये. परांड्याला शून्य का आहे? कुणीतरी तिथे काही पोचवलं नाही म्हणून. सरकारने, समाजाने, आणि शिकून बाहेर पडलेल्या आपल्यासारख्यांनीही. त्या शून्याचा उपयोग करून जर कुणी ज्ञान मिळवत असेल, तर ती उधारी आहे.

उधारीची पहिली अट म्हणजे देणाऱ्याला विचारलं पाहिजे. आम्ही परदेशात एम.एस. करत होतो तेव्हा प्रबंधासाठी पंचवीसेक विद्यार्थ्यांना एका पॅनेलवरची बटणं दाबायला लावायची होती. बटणं! त्यासाठी विद्यापीठाच्या समितीने आमच्याकडून भलामोठा अर्ज भरून घेतला. त्यांना थकवा आला तर काय कराल? मध्येच उठून जायचं असेल तर? हा प्रयोग आहे हे त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलंत का? तेव्हा वैताग आला होता. आज वाटतं, बटणं दाबणाऱ्याला जेवढं विचारतात तेवढं तरी पदर सावरत ओट्यावर बसलेल्या बाईला विचारलं जावं. तिला ‘डॉक्टर म्हणतील तसं’ याखेरीज दुसरं उत्तर ठाऊक नसतं, म्हणून तर जास्त विचारावं. मुंबईच्या चाचणीबद्दल सूबाने तक्रार केल्यावर अमेरिकेच्या आरोग्य खात्यातल्या, संशोधनातल्या माणसांचं रक्षण पाहणाऱ्या कार्यालयाने चौकशी केली. संमतीच्या वेळी बायकांना दिलेली माहिती अपुरी होती, असा निर्णय त्याने दिला. ज्या गटाला काही मिळणार नाही त्या गटातल्या बाईला ‘अशी एक तपासणी असते आणि ती अमुक ठिकाणी होते’ एवढं स्वच्छ सांगायला खर्च किती येतो?

विचारण्याचा प्रश्न जुना आहे. मुंबईत प्लेग आला तेव्हा वॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या प्रयोगशाळेत लस तयार केली. १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली आणि मगच त्या महिन्याअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांना टोचली. कैदी स्वेच्छेने पुढे आले असं नोंदलेलं आहे. आता कैद्याची स्वेच्छा ती कितीशी, हा प्रश्न आज कुणीही विचारेल. पण आधी स्वतःचा दंड पुढे करणारा माणूस म्हणून परळच्या संस्थेला त्यांचं नाव शोभतं.

त्यानंतर शंभर वर्षांनी काय दिसलं? १९९७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने एक बातमी दिली. दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासात १९७६ ते १९८८ या काळात गर्भाशयमुखावर कॅन्सरपूर्व बदल झालेल्या १,१५८ बायकांना उपचार न देता नुसतं पाहत ठेवलं होतं, त्यांतल्या कितीजणींना कॅन्सर होतो ते बघायला. त्यांची लेखी संमती नव्हती. आणि हे फक्त गरीब देशांत होतं असं समजू नका. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलात १९६६ पासून अगदी हेच चाललं होतं. १९८७ साली दोन बायकांनी मासिकात लेख लिहून ते बाहेर काढलं. पुढच्याच वर्षी न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांच्या चौकशीचा अहवाल आला आणि तिथल्या रुग्णांच्या हक्कांचं सगळं चित्र बदललं. फरक बघा. गरीब देशात अन् श्रीमंत देशात चूक सारखीच झाली. चूक उघडी पडल्यावर काय होतं, तिथे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

भारतातही नियम आले, सावकाश आले. वैद्यकीय संशोधन परिषदेचं पहिलं धोरणपत्र १९८० चं, सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं २००० ची, नवी आवृत्ती २०१७ ची. २००५ साली कायद्यात बदल होऊन परदेशी कंपन्यांच्या औषध-चाचण्यांना दार मोकळं झालं आणि धंदा वाढला. २००९ पासून प्रत्येक औषध-चाचणीची सार्वजनिक नोंदणी सक्तीची झाली. मग आलं खम्मम प्रकरण. ‘पाथ’ या अमेरिकन संस्थेने २००९ साली आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत हीच एचपीव्हीची लस दहा ते चौदा वर्षांच्या हजारो मुलींना देण्याचा प्रकल्प केला. त्यांतल्या सात मुली दगावल्या. मृत्यू लसीमुळे झाले नाहीत असं चौकशीत निघालं. पण चौकशीत दुसरंही निघालं : आश्रमशाळांतल्या कित्येक मुलींच्या कागदांवर आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. जो कागद आपल्या घरी डब्याच्या गडबडीत येतो, तोच कागद तिथे आईबापापर्यंत पोचलाच नाही. एप्रिल २०१० मध्ये सरकारने लसीकरण थांबवलं. २०१३ साली संसदेच्या समितीने कडक ताशेरे ओढले. त्याच वर्षी चाचणीत इजा झाल्यास भरपाईचे नियम आले, नीती-समित्यांची नोंदणी सक्तीची झाली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने संमती घेतानाचं चित्रीकरण सुरू झालं. २०१९ साली हे सगळं नव्या नियमावलीत एकत्र आलं.

या बंदीतून एक विलक्षण गोष्ट घडली. त्याच सुमारास त्या लियोंच्या संस्थेची वेगळी चाचणी भारतात चालू होती, दोन डोस पुरतात की तीन लागतात ते पाहायला. बार्शी आणि पुणे ही तिची केंद्रं होती. बंदी आली आणि सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळून काम थांबलं. संशोधकांनी त्या मुलींना सोडून दिलं नाही, दहा वर्षं त्यांच्याशी संपर्क ठेवला. २०२१ साली दिसलं की एका डोसचं संरक्षण जवळजवळ तेवढंच भक्कम आहे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असं मान्य केलं. त्यामुळे तेवढ्याच पैशात दुप्पट मुलींना लस मिळू शकते. बार्शीने जगाला दुसऱ्यांदा दिलं.

आणि बार्शीला काय मिळालं?

भारत सरकारने २०१६ साली व्हिनेगरच्या तपासणीची सर्वांसाठी योजना जाहीर केली. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, ही तपासणी कधी झाली आहे का? हो म्हणणाऱ्या निघाल्या १.९ टक्के. शंभरात दोनसुद्धा नाहीत. उस्मानाबादचा निकाल छापून येऊन तोवर दहा वर्षं उलटली होती. शेजारच्या बीड जिल्ह्यात तर ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांना कॅन्सरची भीती घालून सरळ पिशवी काढून टाकल्याचं २०१९ साली उजेडात आलं. तपासणी पोचली नाही, भीती मात्र पोचली.

उधारीची दुसरी अट ही आहे. माणसांवर चाचणी करताना आपण त्यांना न बोलता एक वचन देत असतो : उत्तर मिळालं की ते तुमच्यापर्यंत आणू. नव्या औषधांच्या बाबतीत २०१९ च्या नियमावलीने चाचणीनंतर सहभागींना औषध मिळण्याची तरतूद केली आहे. पण तपासणी हे औषध नव्हे. गावोगाव पोचणारी यंत्रणा कुठल्या नियमाने मिळणार? तुलनेचा गट ठेवणं योग्य होतं की नाही, यावर विद्वान आणखी वीस वर्षं भांडतील, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण उत्तर हातात असूनही ते न वापरणं, यावर दोन मतं असू शकत नाहीत. आमच्या मते त्या ६४ मृत्यूंचा हिशोब २००९ साली निकाल छापून मिटला नाही, त्या दिवशी तो सुरू झाला.

हेलसिंकी जाहीरनामा, म्हणजे डॉक्टरांच्या संशोधनाची जागतिक आचारसंहिता, १९६४ सालचा. २०२४ च्या सुधारणेत तिथे ज्यांच्यावर प्रयोग होतो त्यांच्यासाठीचा जुना शब्द काढून ‘सहभागी’ हा शब्द घातला. शब्द चांगला आहे. पण सहभागी म्हटलं की वाटा आला. दुकानात भागीदार घेतला आणि नफ्याच्या वेळी त्याला दारात उभं केलं, तर त्याला आपल्याकडे काय म्हणतात ते सांगायला नको.

मंडळी, हे वाचून ‘सरकारने केलं पाहिजे’ असं म्हणून पान उलटू नका. केलंच पाहिजे. पण आपल्या हातातही थोडं आहे.

एक, पुढच्या वेळी भारतात जाल तेव्हा सोन्याच्या भावाच्या आणि फ्लॅटच्या गप्पांत एक प्रश्न घाला. वहिनीला, मावसबहिणीला, घरी पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना विचारा, ही तपासणी झाली आहे का? पुरुषांनी लाजायचं असेल तर घरातल्या बाईकडून विचारून घ्या. मावशींच्या तपासणीचे पैसे आपण द्या, आणि त्या दिवशी त्यांना सुट्टी द्या, पगार न कापता. मुली असतील तर लसीचंही बघा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लस २०२३ पासून बाजारात आहे.

दोन, इथे आपल्या घरात राहून आपली मुलं सांभाळणारी बाई. तिची दर सहा महिन्यांनी सक्तीची तपासणी होते ती मुख्यतः गरोदरपणाची आणि सांसर्गिक रोगांची. म्हणजे बहुतांशी आपल्याला तिच्यापासून काय त्रास होईल, त्याची. तिला स्वतःला हा कॅन्सर होईल का, हे त्यात कुणी बघत नाही. तिचं वय तीसच्या पुढे असेल तर घरातल्या बाईने एकदा तिला बरोबर घेऊन जावं. परदेशी म्हणून तिला पूर्ण पैसे पडतील, ते आपण भरावेत. अर्थात तिला आधी विचारून, समजावून, आणि ‘नको’ म्हणायची मोकळीक देऊन. एवढा लेख त्यासाठीच लिहिला.

तीन, इथल्या रुग्णालयांतून संशोधनात भाग घेण्याबद्दल आपल्यालाही विचारणा होते. २०१५ पासून सिंगापुरात त्याचा स्वतंत्र कायदा आहे. कागद वाचा, प्रश्न विचारा, पटलं तर जरूर हो म्हणा. ज्ञानाची पंगत दुसऱ्यांनीच वाढायची आणि आपण फक्त जेवायचं, हे बरं दिसत नाही.

आणि मंडळाच्या कार्यकारिणीला एक सूचना. दरवर्षी आपण गावाकडच्या एखाद्या कामाला देणगी पाठवतो. यंदा ती धाराशिव नाहीतर बार्शी भागातल्या बायकांच्या तपासणीसाठी पाठवता येईल का, यावर वार्षिक सभेत चर्चा व्हावी. सूचक आम्ही. अनुमोदक कोण ते हात वर करून सांगा.